मदत हवी आहे: गुळाच्या रंगासाठी कोणता छोटा स्पेक्ट्रोमीटर?

मंडळी, पन्हाळा-करवीर भागातल्या गुऱ्हाळांवर गुळाचा रंग आकड्यांत मोजायचा आहे. १० ग्रॅम गुळाचं १०० मिली द्रावण, फिल्टर पेपरने गाळून १० मिमीच्या क्युवेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक चौकोनी नळीत). शोषण, म्हणजे द्रावण किती प्रकाश गिळतं ते, हवं ४२० आणि ५४० नॅनोमीटर तरंगलांबीला.

सध्या आठ दृश्य चॅनेलांचा (एक चॅनेल म्हणजे मोजला जाणारा एक रंगपट्टा) सेन्सर आणि पांढरा एलईडी आहे. ५५५ च्या चॅनेलला आकडे स्थिर येतात, ४१५ ला मात्र नुसती खळबळ. कारण उघड आहे: पांढऱ्या एलईडीत ४३० च्या खाली प्रकाश जवळजवळ नसतोच, आणि जो असतो तो गडद गूळ गिळून टाकतो. एलईडी तापल्यावर रीडिंग सरकायचं. १५ मिनिटं आधी चालू ठेवून, दर नमुन्याआधी साध्या पाण्याचं रीडिंग घेतल्यावर ते थांबलं. गढूळपणा मात्र गाळूनही उरतोच. तो ७२० च्या रीडिंगवरून वजा करायचा आहे, पण या सेन्सरचे रंगाचे चॅनेल ६८० लाच संपतात.

समोर दोन पर्याय आहेत. एएस७२६५एक्स: ४१० ते ९४०, १८ चॅनेल, जोडायला सोपा, पण नेमका ४२० चा चॅनेल नाही. दुसरा हमामात्सूचा सी१२८८०एमए: ३४० ते ८५०, २८८ पिक्सेल, पण आउटपुट अ‍ॅनालॉग, म्हणजे १६ बिटांचा एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) वेगळा लावावा लागणार.

बजेट ३५ हजार. यंत्र बॅटरीवर चालायला हवं. चुलवाणाजवळ वाफ आणि राखही असते.

सी१२८८०एमए वापरणाऱ्यांनी सांगावं: ४२० ला भरकटलेल्या प्रकाशामुळे (दुसऱ्या तरंगलांबीचा, चुकीच्या पिक्सेलवर पडणारा प्रकाश) शोषण कितीच्या पुढे विश्वासार्ह राहत नाही? आणि सोबत छोटा हॅलोजन लावावा, की ४२० चा वेगळा एलईडी?