दोघांनी ठरवून मारामारी केली, तर इंग्लंडमध्ये तो गुन्हा का असावा?

लेस्टरकर
आमच्या क्रिकेट क्लबातले दोघे, एक गोलंदाज आणि एक यष्टिरक्षक. दोघंही पंचविशीतले. एका सुटलेल्या झेलावरून महिनाभर धुसफूस चालू होती. एका शनिवारी सामना संपल्यावर यष्टिरक्षकच म्हणाला, "चल, पार्किंगमध्ये मिटवू." दोघांनी घड्याळं काढून माझ्या हातात दिली. मी तेव्हाच अडवायला हवं होतं, अडवलं नाही. ते अजून टोचतं. चार-पाच ठोसे झाले आणि यष्टिरक्षकाचा पुढचा दात अर्धा तुटला. तुकडा टिश्यूत गुंडाळून त्याने जेवणाच्या डब्यात ठेवला आणि दोघं एकाच गाडीतून दवाखान्यात गेले.

कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. आता गोलंदाजावर 'अ‍ॅक्च्युअल बॉडिली हार्म' (प्रत्यक्ष शारीरिक इजा), म्हणजे एबीएचचा आरोप आहे. यष्टिरक्षकाने स्पष्ट सांगितलं, "मीच बोलावलं होतं, माझी तक्रार नाही." पण खटला मागे घेणं त्याच्या हातात नाही. ते इथे सरकारी वकील ठरवतात.

कायदा असा आहे: साधी मारहाण, म्हणजे 'कॉमन असॉल्ट', असेल तर संमती हा बचाव चालतो, आणि शिक्षा जास्तीत जास्त 6 महिने. इजा एबीएचच्या रेषेपलीकडे गेली की 1861च्या कायद्याचं कलम 47 लागतं, कमाल शिक्षा 5 वर्षं, आणि ठरवून केलेल्या मारामारीत संमतीला किंमत शून्य. हे ठरलं 1981 साली. 18 आणि 17 वर्षांची दोन मुलं भांडण मिटवायला रस्त्यावर ठोसे मारून मोकळी झाली. एकाच्या नाकातून रक्त आलं, चेहरा सुजला. ज्युरीने सोडलं, पण अपील कोर्ट म्हणालं की सबळ कारणाशिवाय लोकांनी एकमेकांना इजा करणं सार्वजनिक हिताचं नाही, मग ते रस्त्यात असो वा घरात.

दोन सज्ञान, बरोबरीचे, शुद्धीवर असलेले पुरुष. हत्यार नाही, तिसऱ्याला धक्का नाही. त्यांची संमती कायद्याने मोजलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

डॉ_रात्रपाळी
लेस्टरकर, मी इथल्याच एका आपत्कालीन विभागात काम करतो. तुमच्या मित्राचा दात तुटला, डोकं नाही, हे नशीब. एक ठोसा बसतो, माणूस मागे पडतो, डोकं काँक्रीटवर आपटतं. ठोसा तोच, जोर तोच. मग कलम 47 नाही, मनुष्यवधाचा खटला उभा राहतो. संमती देताना कुणी त्या काँक्रीटला संमती देतो का? कायदा कुठेतरी रेघ ओढणारच. ती दातापाशी ओढली तर मला चालेल.

वकीलपेठ (पुणे)
डॉक्टर, मग बॉक्सिंगचं काय? तिथे तर डोक्यावरच मारायचं असतं. 1882च्या कोनी खटल्यात उघड्या मुठींची पैशाची झुंज बेकायदा ठरली, पण हातमोजे घालून नियमाने खेळलेलं बॉक्सिंग कायदेशीर. 2004च्या बार्न्स खटल्यात फुटबॉलमध्ये उशिरा टॅकल करून पाय जायबंदी करणाऱ्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द झाला, कारण खेळात नियम मोडला की लगेच गुन्हा होत नाही, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे इजेपेक्षा कारणाला वजन आहे. ती कारणं कोर्टाने एकेक करून मान्य केलीत: खेळ, शस्त्रक्रिया, गोंदण, कान टोचणं. त्या यादीला मला तरी एक सूत्र दिसत नाही.

गंमत नाही, खरंच वाईट वाटावं अशी गोष्ट म्हणजे 1993चा ब्राऊन खटला आणि 1996चा विल्सन खटला शेजारी ठेवून वाचणं. ब्राऊनमध्ये पुरुषांच्या एका गटाने खासगीत, संमतीने एकमेकांना वेदना दिल्या. कुणालाही उपचारांची गरज पडली नव्हती, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, 3 विरुद्ध 2 मतांनी संमतीचा बचाव नाकारला. विल्सनमध्ये नवऱ्याने बायकोच्या सांगण्यावरून तापलेल्या सुरीने तिच्या नितंबावर आपली आद्याक्षरं डागली. तो सुटला, कोर्ट म्हणालं, हे गोंदणासारखंच आहे, नवरा-बायकोचा खासगी मामला आहे.

आणि आपल्याकडे? इंग्रजांनीच 1860 साली दिलेल्या दंडविधानाचं कलम 87, आता भारतीय न्याय संहितेचं 25: 18 वर्षांवरील माणसाची संमती असेल आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत करायचा हेतू वा जाणीव नसेल, तर गुन्हा नाही. जे आपल्याला दिलं, ते स्वतःच्या घरी ठेवलं नाही.

इंदुताई
वकीलसाहेब, दात मोडणं आपल्या कायद्यात 'गंभीर दुखापत'च आहे. ते सोयीस्कर विसरलात.

पण माझा मुद्दा वेगळा. मी लंडनमध्ये मार खाल्लेल्या बायकांसाठी काम करते. एक बाई माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाली, "मीच त्यांना म्हटलं, मारा." बाही खाली ओढत होती, मनगटावरचा डाग दिसू नये म्हणून. 'तिने मागितलं होतं' हा बचाव कोर्टात किती वेळा वापरला गेला, आणि किती बायका तो खोडून काढायला जिवंतच नव्हत्या! म्हणून 2021च्या घरगुती अत्याचार कायद्यात कलम 71 आलं: लैंगिक सुखासाठी गंभीर इजेला संमती होती, हा बचाव चालणार नाही. पार्किंगमधल्या दोन मुलांसाठी तुम्ही दार किलकिलं कराल, आत कोण शिरेल याचा विचार करा.

वकीलपेठ (पुणे)
ताई, दाताचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. पण कलम 25 काय मोडलं ते विचारत नाही, मारणाऱ्याला काय अपेक्षित होतं ते विचारतं. इंग्लंडच्या कलम 47ला एवढंसुद्धा लागत नाही. 1991च्या सॅव्हेज खटल्यात एका बाईने दुसरीच्या अंगावर बिअर फेकली, हातातून ग्लास सुटला आणि तिचं मनगट कापलं गेलं. एवढी इजा व्हावी असा हेतू सिद्ध करायची गरज नाही, असं कोर्टाने ठरवलं. बिअर फेकणंच पुरे. 6 महिन्यांचा गुन्हा 5 वर्षांचा होतो तो नशिबाने, हेतूने नाही.
भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नाही, हे आपल्या संहितेच्या 28व्या कलमात आहे. तुमच्या त्या बाईला वाचवायला ते आहे.

इंदुताई
कागदावर आहे. ती भीती सिद्ध कुणी करायची? तिनेच, त्याच्यासमोर उभं राहून. मी बदलणार नाही.

लेस्टरकर
ताई, तुमच्या त्या बाईच्या बाहीचं वाचून मी थोडा वेळ काही लिहू शकलो नाही. बचाव म्हणून संमती नको, एवढं घरातल्या माराबाबत मी मान्य करतो. पण बरोबरीच्या दोघांत ती निदान शिक्षा ठरवताना तरी वजनदार असावी. 5 वर्षं ही कमाल आहे, एवढी होणार नाही हे मला कळतं. पण आमच्या गोलंदाजाला लहान मुलांना शिकवायचं आहे, आणि त्याच्या नावावर हिंसेचा गुन्हा कायम दिसणार.

सोमवारपर्यंत मला त्याच्यासाठी चारित्र्याचं पत्र द्यायचं आहे. यष्टिरक्षकही लिहितोय. त्याने पहिलंच वाक्य लिहिलं आहे, "मी त्याला बोलावलं होतं." ते ठेवायचं की काढायचं? वकीलसाहेब, तुम्हाला इंग्लंडचा अनुभव नसेल तरी सांगा. डॉक्टर आणि ताई, तुम्हीही.

डॉ_रात्रपाळी
ठेवा. खरं आहे ते. आणि तुमच्या पत्रात घड्याळांचंही लिहा.