'पर्पोर्टिंग टू बी' म्हणजे खोटं आहे असं म्हणायचंय का?

नौपाडा, ठाणे:
आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि आजोबांच्या खोलीवरून चुलत घराकडून वकिलाची नोटीस आलीय. चुलत आजोबांनी करून दिलेल्या हक्कसोडपत्राला त्यात 'अ डॉक्युमेंट पर्पोर्टिंग टू बी अ रिलीज डीड' असं म्हटलंय. बाबा भयंकर चिडलेत, म्हणतात हे आपल्याला सरळ खोटारडे ठरवतायत. डिक्शनरीत 'दावा करणे', 'भासवणे' आणि 'आशय' असे तीन अर्थ मिळाले, आता यातला कुठला धरायचा?

वाशी:
ताई, आधी बाबांना सांगा की या शब्दात आरोप नाहीये. होकारही नाहीये म्हणा. 'कागदावरून तो हक्कसोडपत्र दिसतो, खरा की खोटा ते मी आत्ता बोलत नाही' एवढंच वकिलाने म्हटलंय.

मूळ बघितलं की पटेल. लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे, त्यातूनच एक्सपोर्ट, रिपोर्ट आणि आपला स्टेशनवरचा पोर्टर आलेत. पुढचा 'पर' म्हणजे फ्रेंच 'पुर', लॅटिन 'प्रो', तोच परचेसमध्ये आणि परस्यूमध्येही आहे. म्हणजे लिखाण जे पोटात घेऊन येतं ते त्याचं पर्पोर्ट, आणि नाम म्हणून वापरला तर आजही 'पत्राचा मथितार्थ' असाच अर्थ होतो. (आपला 'आशय' पण मला असाच वाटतो, जलाशयातला आशय तोच, साठवून ठेवणारी जागा.) 1066 नंतर इंग्लंडात नॉर्मन राजे आले, कोर्टात फ्रेंच आलं, आणि असे ढीगभर शब्द वकिलांच्या तोंडी बसले ते बसलेच. 1362 साली कायदा करून कोर्टात इंग्रजी बोला म्हणून सांगितलं, तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता!

आपल्याकडे कायद्यात हा शब्द जागोजागी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 80 बघा, सरकारी अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या, किंवा तसं केल्याचं दिसणाऱ्या कामाबद्दल दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तिथे 'पर्पोर्टिंग टू बी डन' असंच आहे. कारण ते काम खरंच अधिकारात बसत होतं का हे ठरणार खटल्याच्या शेवटी आणि नोटीस द्यायची सुरुवातीला, मग निकाल न देता बोलायला एक शब्द लागतोच ना. राज्यघटनेच्या 361 मध्ये राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या कृतींबद्दलही हाच शब्द आहे, तिथे कोणी त्यांना खोटं म्हणत नाहीये.

क्लेम, अलेज यांच्यापासून हा वेगळा ठेवावा. क्लेम लॅटिनच्या ओरडण्यावरून आलाय, तिथे दावा करायला माणूस लागतो. अलेज म्हणजे कोणीतरी आरोप केलाय पण सिद्ध व्हायचाय. पर्पोर्टमध्ये मुख्यतः कागदच बोलतो, म्हणून मला 'भासवणे' अजिबात पटत नाही, त्यात फसवण्याचा हेतू आधीच चिकटतो. हिंदी कायद्यात 'तात्पर्यित' करून ठेवलंय, ते कोणालाही कळत नाही. मराठीत सरळ 'हक्कसोडपत्र म्हणून दिसणारा दस्त' म्हणावं.

घोडबंदर:
पण बातम्यांमध्ये 'पर्पोर्टेड व्हिडिओ', 'पर्पोर्टेड लेटर' म्हणतात तेव्हा शंकाच असते की. तिथे आपण 'कथित' म्हणतो.

वाशी:
बरोबर, पर्पोर्टेड हे विशेषण झालं की रंग बदलतो, त्यात संशय आहेच आणि तो आता वापरात पक्का झालाय. म्हणून शब्द एकटा पकडून बसू नये. ताई, नोटिशीत पुढे 'फोर्ज्ड' किंवा 'फॅब्रिकेटेड' असं कुठे आहे का ते शोधा, असेल तर खरा आरोप तो आणि उत्तर त्याला द्यायचं. दस्त तीस वर्षांच्या वरचा असेल आणि तुमच्याकडेच रीतसर जपलेला असेल तर तेही वकिलांना सांगा, 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 90 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 92, अशा जुन्या दस्तावरची सही खरी असं कोर्ट गृहीत धरू शकतं. गंमत म्हणजे त्या कलमातही 'पर्पोर्टिंग' आहेच, बाबांना दाखवा. आणि तुमच्या उत्तरात मात्र 'पर्पोर्टिंग' येऊ देऊ नका, 'द सेड रिलीज डीड' असंच लिहायला सांगा.