एनडीएच्या मेडिकलमध्ये सूट असावी की नसावी?

फोंड्याचा मामा
माझा भाचा एनडीएची, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी पास झाला, भोपाळची पाच दिवसांची एसएसबी ही निवड चाचणीही निघाली. घरी पेढे वाटले. मग मेडिकलला डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचे पान पुढे धरले. आपल्याला त्यात ७४ दिसतात, त्याला २१ दिसले. रंगदृष्टी सदोष, अपात्र.

आता आठवते. गणेश चवथीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधतो त्या फळांच्या आराशीसाठी, पिकलेल्या सुपारीचा घोस आण म्हटले की तो हिरवाच आणायचा. आम्ही त्याला धांदरट म्हणायचो. शाळेतल्या डोळे तपासणीतही कुणाच्या लक्षात आले नाही.

४२ दिवसांच्या आत अपील मिळते, ते केले. पण तिथे डॉक्टर बदलतात, निकष तेच. त्यापुढची फेरतपासणी (रिव्ह्यू) हक्क म्हणून मागता येत नाही. अमेरिकेत एक वैद्यकीय मंडळ मुलाला अपात्र ठरवते, तरी वेस्ट पॉइंटसारखी लष्करी अकादमी त्याच्यापुरती सूट देऊ शकते. आपल्याकडे ती वाट का नसावी? प्रत्येक अधिकारी काही विमान चालवत नाही.

माजी नौसैनिक, वास्को
भाऊ, मुलाचे वाईट वाटले. तरीही सूट नको, असेच मी म्हणेन. रात्री समुद्रात जहाज दिसत नाही, त्याचे दिवे दिसतात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. आपल्या उजव्या अंगाने येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला, की बाजूला व्हायचे ते आपण. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला तो रंग कळला नाही तर खाली झोपलेल्या पोरांचे काय? मी त्या झोपलेल्यांतलाच एक होतो, म्हणून इतके ठासून लिहितोय.

डिचोलीची आई
दादांचे पटते. पण मामांचे दुखणे वेगळे आहे असे मला वाटते. दोन वर्षे क्लास, पहाटेचे धावणे, एवढे झाल्यावर शेवटच्या दारात कळते. २०२२ पासून मुलीही एनडीएत जायला लागल्या, तेव्हा माझ्या लेकीने हट्ट धरला. क्लासची फी भरण्याआधी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. ठिपक्यांची चाचणी दहा मिनिटांत झाली. लेखीच्या अर्जाबरोबरच हा दाखला मागितला तर कितीतरी घरांतले रडणे वाचेल.

वाळपईकर
दाखला मागा, सूट मागू नका. प्रशिक्षणात जखमी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेट्सचा प्रश्न २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला. निरोगी म्हणून घेतलेल्या पोरांची ही गत, त्यांना माजी सैनिकाचा दर्जासुद्धा नाही. मग आधीच दोष असलेल्याला आत घेतले आणि तो दोष वाढला, तर त्याच्यामागे कोण उभे राहणार? आधी त्या पोरांची सोय करा.

फोंड्याचा मामा
वाळपईकर, डोळ्यांचा हा दोष जन्माचा आहे, धावून वाढत नाही. सगळे दोष एकाच तराजूत घालता, तिथेच माझा विरोध आहे. एखाद्याचे बरे झालेले जुने हाड आणि याची रंगदृष्टी, दोन्हींचा विचार वेगळा व्हायला हवा. तो करायचा अधिकार अकादमीला द्या एवढेच मी मागतोय.

दादा, तुमचे लाल दिव्याचे मी घरी वाचून दाखवले. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, जहाजावर मला नकोच घ्यायला. पण बाकी सगळीकडे का नको?" याचे उत्तर मला देता आले नाही. तुमच्याकडे असेल तर त्याच्यासाठी लिहा, तो वाचतो.

ताई, तुमचे ऐकले. येत्या रविवारी वाड्यावरच्या नववी-दहावीच्या नऊ मुलांना घेऊन मी तपासणीला जातोय. भाचाही येतो म्हणाला.