१९५१चा सॅन फ्रान्सिस्को संघ : डावलला गेला की कमीच पडला?

नीरजा_के
१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं खाशाबा जाधवांचं कांस्यपदक आपल्याला पाठ आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ऑली मॅट्सनने ४०० मीटरमध्ये कांस्य आणि रिलेत रौप्य मिळवलं. पण मॅट्सन मूळचा अमेरिकन फुटबॉलचा गडी. त्याच्या कॉलेज संघाच्या आदल्या वर्षीच्या हंगामावर इथे बोलणं व्हावं म्हणून हा धागा.

युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को, जेझुइट पाद्र्यांचं लहानसं कॉलेज. प्रशिक्षक ज्यो कुहारिक. १९५१ साली ९ सामने, ९ विजय. मॅट्सनने १,५६६ यार्ड धावून काढले, २१ टचडाउन (चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडणं) केले. दोन्हींत देशात पहिला. न्यूयॉर्कला फोर्डहॅमविरुद्ध त्याने किकऑफचा चेंडू झेलून दोनदा थेट शेवटच्या रेषेपार नेला, एकदा ९४ यार्ड, एकदा ९०. सामना सुटला ३२-२६. त्या दोन धावा वजा करा, म्हणजे कळेल तो माणूस काय होता.

हंगाम संपला की निवडक संघांना 'बाउल' सामन्यांचं बोलावणं येतं, सोबत पैसाही. यांना दक्षिणेतून निरोप आला तो अट घालून: मॅट्सन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवून या. पोरांनी साफ नकार दिला. बोलावणं आलं नाही. फुटबॉल तोट्यात चालला होता, कॉलेजने त्या हंगामानंतर संघच बंद केला. माझ्या मते त्या वर्षीच्या कुठल्याही विजेत्यापेक्षा हा संघ मोठा.

दिगंबर_सातारकर
नकाराबद्दल आदर आहेच. पण 'अन्याय झाला म्हणून बाउल हुकला' हे मला पटत नाही. प्रतिस्पर्धी कोण होते बघा. सॅन होजे स्टेटशी दोनदा खेळले, कॅम्प पेंडलटनचे मरीन, सॅन डिएगोच्या नौदल प्रशिक्षण केंद्राचा संघ. एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीच्या शेवटच्या यादीत ते १४वे. दक्षिणेतल्या ऑरेंज बाउलने बोलावलेले जॉर्जिया टेक आणि बेलर दोन्ही पहिल्या दहात होते. रंगाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी निवड तीच झाली असती.

नीरजा_के
दिगंबरराव, रंगाचा प्रश्न बाजूला ठेवायचा कसा? संघ कच्चा वाटत होता तर 'दोघांना सोडून या' म्हणायचं कारणच काय? ज्याला बोलवायचंच नाही त्याला कोणी अट घालत नाही. आणि कच्चा म्हणाल तर याच एका संघातून मॅट्सन, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर असे तिघे पुढे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक खेळाच्या मानकऱ्यांत गेले.

दिगंबर_सातारकर
पुढची कारकीर्द दाखवून १९५१ची निवड चुकीची ठरत नाही. बाउलच्या समितीपुढे होते ते ९ सामने. आणि दक्षिणेची सगळी दारं बंद होती असंही नाही. १९४८च्या कॉटन बाउलमध्ये डॅलसला पेन स्टेट कॉलेज दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह खेळलं, १३-१३ बरोबरी झाली. संघ खरोखर वरचा असला की वाट निघत होती.

रेवती_पुणे
ती वाट कशी होती तेही सांगा. पेन स्टेटच्या संघाला डॅलसमध्ये एकत्र राहता येईल असं हॉटेल मिळेना, म्हणून मुक्काम नौदलाच्या तळावर. १९५१च्याच ऑक्टोबरात ओक्लाहोमात ड्रेक कॉलेजच्या कृष्णवर्णीय जॉनी ब्राइटचा जबडा प्रतिस्पर्ध्याने फटका मारून मोडला; त्या छायाचित्रांना पुलित्झर मिळालं. १९५६ला शुगर बाउलमध्ये पिट्सबर्गचा कृष्णवर्णीय बॉबी ग्रिअर खेळणार म्हटल्यावर जॉर्जियाच्या गव्हर्नरने आपलाच संघ अडवायचा प्रयत्न केला.

माझा आक्षेप मात्र नीरजाताईंवरही आहे. ही गोष्ट सांगताना सगळी वाहवा गोऱ्या सहकाऱ्यांच्या नकाराची होते. हंगामभर ज्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळलात त्यांना टाकून न जाणं हे कर्तव्यच होतं. टोलरकडे बघा. १९५२च्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात गुडघा गेला, व्यावसायिक खेळ सुरू व्हायच्या आधीच संपला. तो गडी शाळेत शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला आणि १९६५ साली एनएफएल या व्यावसायिक लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच. तेव्हा एनएफएलचा कमिशनर, म्हणजे प्रमुख होता पीट रोझेल, जो १९५१ साली याच कॉलेजात खेळाच्या प्रसिद्धीचं काम बघायचा.

नीरजा_के
रेवती, टोलरबद्दल शंभर टक्के मान्य. पण 'कर्तव्यच होतं' म्हणून नकार लहान होत नाही. हो म्हटलं असतं तर कॉलेजला पैसे मिळाले असते, कदाचित संघही वाचला असता. विशीतली पोरं ती, आणि तशी अट निमूट पाळणारी कॉलेजं त्या काळी होती.

दिगंबर_सातारकर
रेवतीताईंचा मुद्दा बिनतोड आहे. अट घालणं नीच होतं, यावर माझं दुमत कधीच नव्हतं. पण क्रमवारीचा मुद्दा मी सोडत नाही. पॅसिफिक कॉलेजला ४७-१४ असं धुतलं हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा विजय, आणि टेनेसी किंवा मेरीलँड या त्या वर्षीच्या अव्वल संघांच्या तोडीचा एकही संघ त्यांच्या समोर आला नाही.

रेवती_पुणे
समोर येऊ दिला असता तर कळलं असतं ना.