4 कोटी आकडी प्राइम (मूळ संख्या) सापडला म्हणून एवढं काय?

रामबागकर: सराफ्यातले भिया काल इथे लिहून गेले की "2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1 हा प्राइम निघाला म्हणून नाचताय, 17 देशांतली मशीनं तापवली, त्यापेक्षा गल्लीतले खड्डे बुजवा." डोकंच फिरलं वाचून. अहो तो शोधणारा ल्यूक ड्युरांट अमेरिकेतला माणूस, त्याने आपल्या टॅक्समधून घेतले का पैसे? 2018 नंतर नवा मर्सेन प्राइम (म्हणजे 2 चा कुठला तरी घात वजा 1 असा प्राइम) मिळालाच नव्हता, ऑक्टोबर 2024 मध्ये डब्लिनच्या एका जीपीयूने (ग्राफिक्स चिपने) "बहुतेक आहे" म्हटलं, मग टेक्सासमधल्या दुसऱ्या मशीनवर लुकास-लेमर टेस्ट (असा आकडा प्राइम आहे का ते पक्कं ठरवणारी) लावली तेव्हा नक्की झालं. 4,10,24,320 आकडे. बरं बक्षीस मिळालं 3000 डॉलर, तेही म्हणे आपल्या जुन्या शाळेला देणार. तुम्ही द्याल?

सराफ्यातला: माझी शाळा सोडा. उपयोग सांगा. बँकेचं लॉकिंग यावरच चालतं ना, मग तेच बोला की सरळ.

नारायणबाग_काकू: नाही चालत. आरएसएला, म्हणजे बँकेच्या त्या लॉकिंगला, तीनशेक आकडी दोन प्राइम पुरतात आणि ते गुपित ठेवावे लागतात, हा तर जगाला माहीत. पण तुम्हाला काय बोलू, आमच्या चिरंजीवांच्या भंवरकुआंवरच्या कोचिंगवाल्या सरांनी फळ्यावर लिहिलं की 11 प्राइम म्हणून 2 चा 11 वा घात वजा 1, म्हणजे 2047 पण प्राइम! पोराने 23 गुणिले 89 करून दाखवलं तर म्हणे "बेटा, ये एग्ज़ाम में नहीं आएगा". फी मात्र अख्खी अ‍ॅडव्हान्स.

फळावाला: मी त्याच भागात शिकवतो. रँक कोण मागतं काकू, आम्ही की आई-बाप? अर्धा तास मर्सेन शिकवला की संध्याकाळी फोन येतो, सिलॅबस का मागे आहे.

नारायणबाग_काकू: मग चुकीचं शिकवायचं?

फळावाला: बरं, 2047 आमच्या जमातीने खाल्ला, द्या फाशी. पण घरी तुम्ही काय शिकवलं ते पण सांगा.

सराफ्यातला: विषय काय होता आणि कुठे चाललंय हे?

रामबागकर: विषय हाच आहे. ज्याच्या नावाचे हे प्राइम, त्या मर्सेनने स्वतः 2 चा 67 वा घात वजा 1 प्राइमच्या यादीत टाकला होता. त्या टेस्टवाल्या लुकासने 1876 मध्ये तो खोडला, पण तुकडे, म्हणजे कुठल्या दोन आकड्यांचा गुणाकार ते, कुणाला सापडेनात. 1903 मध्ये कोल नावाचा प्रोफेसर उठला, एक शब्द न बोलता फळ्यावर 19,37,07,721 ला 7,61,83,82,57,287 ने गुणलं आणि जाऊन बसला. टाळ्या पडल्या. सिलॅबस कुणी विचारला नाही.

सराफ्यातला: असेल. मला तुमच्या या चार कोटीवाल्याचा नुसता शेवटचा आकडा सांगा, मग मानतो.

फळावाला: 1. 2 च्या घातांचा शेवटचा आकडा 2, 4, 8, 6 असाच फिरतो. घाताला 4 ने भागा, बाकी 1 उरते, म्हणजे 2 चा घात 2 वर संपणार, त्यातून 1 गेला. आणि हो, हे एग्ज़ाममध्ये येतं.

नारायणबाग_काकू: येतं ना? मग उद्या बॅचमध्ये घ्या, फी भरलीये.