वेगवेगळ्या वर्कट्री देऊनही एजंट एकमेकांच्या पायात येताहेत

दुपारचा_चहा

मांडणी अशी आहे: जँगो बॅकएंड, रिअ‍ॅक्ट आणि व्हीटचा फ्रंटएंड, पोस्टग्रेस डेटाबेस, मागे चालणाऱ्या कामांसाठी रेडिस आणि सेलरी, सगळं एकाच लॅपटॉपवर. तीन क्लॉड कोड आणि एक कोडेक्स (कोड लिहिणारे एआय एजंट) एकदम चालतात. प्रत्येकाला गिट वर्कट्रीचं (त्याच रिपॉझिटरीला जोडलेलं) वेगळं फोल्डर आणि वेगळी ब्रँच दिली आहे, त्यामुळे एकाच्या फाइलवर दुसरा लिहितोय हा प्रकार थांबला.

पण एखाद्याने स्टॅश पॉप केलं (तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल परत आणले) की कधीकधी भलत्याच ब्रँचचा कोड बाहेर येतो. टेस्ट एकट्याने चालवल्या की हिरव्या, दोघांनी एकदम चालवल्या की डेटाबेसवरून पडतात. दोन ब्रँचमध्ये ००४२ क्रमांकाचीच मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) तयार होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मर्जमध्ये एकही कॉन्फ्लिक्ट येत नाही, तरी मेन (मुख्य ब्रँच) मोडते. वर्कट्री लावण्यातच काही चुकतंय का?

खटपट्या

लावण्यात चूक नाही, वर्कट्रीकडून अपेक्षा जास्त आहे. तिला स्वतःच्या फाइली, स्वतःचं हेड (आत्ताची ब्रँच कोणती ते) आणि स्वतःचा इंडेक्स (पुढच्या कमिटसाठी निवडलेले बदल) एवढंच मिळतं. ऑब्जेक्ट, ब्रँचेस, टॅग, हुक्स, कॉन्फिग हे सगळं सामाईक. स्टॅशही त्यातच आलं: चारही फोल्डरांचा ढीग एकच, आणि पॉप म्हणजे त्यातलं सगळ्यात वरचं, मग ते कोणीही ठेवलेलं असो. एजंटना स्टॅश बंदच करा. काम अर्धवट ठेवायचं असेल तर आपल्या ब्रँचवर "अपूर्ण" म्हणून कमिट करायचं, नंतर स्क्वॅश, म्हणजे असे कमिट एकात मिसळायचे. ही सूचना एजंट्स.एमडी आणि क्लॉड.एमडी या एजंट वाचतात त्या दोन्ही फाइलींत लिहा, पण सूचना ही शेवटी विनंती असते. क्लॉड कोडच्या सेटिंग्जमध्ये परवानग्यांच्या डिनाय (मनाई) यादीत गिट स्टॅश टाकलं की क्लॉड कोडपुरता विषय बहुतेक संपतो. (गिटचं एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, करून अडवायला जाऊ नका, अंगभूत कमांडच्या नावाचं एलियस गिट मानतच नाही.)

टेस्टचं कारण वेगळं. जँगो टेस्टसाठी मूळ नावाला "टेस्ट_" जोडून डेटाबेस बनवतो, म्हणजे चौघांचं नाव एकच. तो आधीच असला तर जँगो "पुसू का?" विचारतो. एजंट उत्तर द्यायला थांबू नये म्हणून --नोइनपुट (काही विचारू नको) देतो, मग जँगो दुसऱ्याचा चालू डेटाबेस पुसायला जातो आणि पोस्टग्रेस "इतर जण वापरत आहेत" म्हणून नकार देतं. काही एजंट यावर शक्कल लढवून --कीपडीबी (आहे तोच टेस्ट डेटाबेस वापर) लावतात. ते आणखी वाईट, कारण दोघे एकाच डेटाबेसमध्ये टेस्ट चालवतात आणि निकाल दर वेळी बदलतो.

उपाय म्हणजे प्रत्येक वर्कट्रीला एक क्रमांक द्या, आणि वर्कट्री बनवणाऱ्या स्क्रिप्टनेच त्या क्रमांकावरून .एन्व्ह ही सेटिंग्जची फाइल लिहावी. ती गिटमध्ये नसते, म्हणून नव्या फोल्डरात आपोआप येतही नाही. क्रमांक २ असेल तर जँगोचा पोर्ट ८०२०, व्हीटचा ५१९३, डेटाबेस "ॲप_२", टेस्ट डेटाबेसचं नावही सेटिंग्जमध्ये तिथूनच वाचायचं. रेडिसमध्ये मुळात १६ डेटाबेस असतात, ० ते १५. प्रत्येकाला एक द्या. हे विसरलात तर एकाचा सेलरी वर्कर दुसऱ्याचं टास्क उचलतो आणि स्वतःच्या ब्रँचच्या कोडने चालवतो. लॉग पाहूनही पत्ता लागत नाही, कारण तो शेजारच्या टर्मिनलमध्ये असतो.

आणि व्हीटला स्ट्रिक्टपोर्ट चालू करा. नाहीतर ५१७३ अडलेला दिसला की तो गुपचूप ५१७४ घेतो. एजंट मात्र ब्राउझरमध्ये ५१७३ उघडून दुसऱ्याच ब्रँचचं पान तपासतो आणि "बदल दिसत नाही" म्हणून चांगला कोड पुन्हा लिहायला बसतो.

सातवी_शाखा

मायग्रेशनबद्दल. मेकमायग्रेशन्स (मायग्रेशनच्या फाइली बनवणारी जँगोची कमांड) --मर्ज हा सोपा मार्ग दिसतो, पण तो फक्त मायग्रेशनच्या आलेखाची दोन टोकं जोडतो. दोघांनी एकाच फील्डला हात लावला असेल तर शेवटी काय उरेल ते क्रमावर अवलंबून राहतं. मागाहून येणाऱ्याची मायग्रेशन नव्याने बनवणं बरं, फक्त पायऱ्यांचा क्रम चुकवू नका. आधी त्या वर्कट्रीत ००४१ पर्यंत मागे मायग्रेट करा, मग ००४२ ची फाइल काढा, मग मेनवर रिबेस (आपले कमिट ताज्या मेनच्या पुढे पुन्हा लावणं), मग मेकमायग्रेशन्स. एजंट हमखास फाइल आधी उडवतो. फाइल नसली की काय उलटवायचं ते जँगोला कळत नाही. टेबलात कॉलम तसाच राहतो आणि नव्या मायग्रेशनला "कॉलम आधीच आहे" अशी ठेच लागते. तिथून --फेक (न चालवताच "झाली" अशी नोंद), आणि मग त्या डेटाबेसवर भरवसा ठेवू नये. हाताने लिहिलेली डेटा मायग्रेशन असेल तर ती बाजूला काढून ठेवा, मेकमायग्रेशन्स ती परत लिहून देणार नाही.

जँगो-लिनिअर-मायग्रेशन्स हे पॅकेज घाला. ते प्रत्येक ॲपमध्ये एक छोटी मजकूर फाइल ठेवतं, तिच्यात शेवटच्या मायग्रेशनचं नाव असतं. दोन ब्रँचनी मायग्रेशन केली की त्या एका ओळीवर गिटचा कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे भांडण मर्जच्या वेळीच उघड होतं.

त्याहून बरं म्हणजे मॉडेल बदलण्याचं काम एका वेळी एकाच एजंटकडे. काम वाटताना "तू हे फीचर, तू ते" असं न वाटता फोल्डर वाटा, आणि हात लावायचा नाही अशा फाइलींची नावंही लिहून द्या. यूआरएल्स.पीवाय, सेटिंग्ज, फ्रंटएंडची राउट यादी, भाषांतराची जेसन फाइल: सगळ्यांना तिथे एकेक ओळ घालायची असते आणि सगळे ती फाइलीच्या शेवटीच घालतात. त्या ओळी एजंटने कामाच्या शेवटी सुचवाव्यात, घालाव्यात तुम्ही. चेंजलॉगला .गिटॲट्रिब्यूट्समध्ये मर्ज=युनियन लावलं तर दोन्ही बाजूंच्या ओळी राहतात. जेसनला लावू नका, स्वल्पविराम गायब होऊन फाइल मोडते.

लॉकफाइलचा (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी फाइल) कॉन्फ्लिक्ट एजंटला हाताने सोडवू देऊ नका. मेनची प्रत घ्या आणि इन्स्टॉल पुन्हा चालवा.

शेंगदाणा_कूट

कॉन्फ्लिक्ट न येता मोडण्याचं कारण असं की गिट ओळी जुळवतं, अर्थ नाही. एकाने ऑर्डर_टोटल फंक्शनला करासाठी नवा सक्तीचा पॅरामीटर जोडला आणि जुन्या सगळ्या जागा दुरुस्त केल्या. दुसऱ्याने त्याच वेळी नव्या फाइलीत ते जुन्या पद्धतीने वापरलं. ओळी कुठेच भिडत नाहीत, दोन्ही ब्रँचच्या टेस्ट हिरव्या, मर्ज झाल्यावर मात्र टाइपएरर. म्हणून ब्रँचची टेस्ट पास झाली याला फार अर्थ नाही. आत्ताच्या मेनवर रिबेस केल्यानंतर पास झाली का, ते पाहायचं. एक ब्रँच आत घ्या, उरलेल्या तिन्ही रिबेस करा, पूर्ण टेस्ट चालवा, मग पुढची. गिटहबच्या मर्ज क्यूमागची कल्पना हीच. एकट्याच्या लॅपटॉपवर वीस ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते.

आधी कळायला हवं असेल तर गिट मर्ज-ट्री --राइट-ट्री वापरा, गिट २.३८ पासून आहे. फोल्डरला हात न लावता दोन ब्रँचचं मर्ज करून पाहते, कॉन्फ्लिक्ट असेल तर एक्झिट कोड १. तासाला एकदा सगळ्या जोड्यांवर चालवली तरी परवडते. अर्थाचा घोळ तिला दिसणार नाही, ओळींचा दिसेल.

आणि जरा कटू: चार एजंट जास्त होताहेत. सही तुमची एकट्याची आहे. चार ब्रँच तपासणीसाठी थांबल्या की पहिली आत जाईपर्यंत चौथी शिळी होते, आणि रिबेसची मजुरी वाढते. दोन लिहिणारे, एक फक्त वाचून डिफवर (बदललेल्या ओळींवर) शेरे देणारा, एवढं बस.

दुपारचा_चहा

क्रमांकाची स्क्रिप्ट लावली, स्टॅश डिनायमध्ये टाकलं. दोन प्रश्न उरले. ॲप_२, ॲप_३ मध्ये नमुना डेटा दर वेळी भरायला बराच वेळ जातो. आणि काम संपलेल्या वर्कट्रीचं फोल्डर आरएम -आरएफने उडवलं, तर ती ब्रँच दुसरीकडे चेकआउट होत नाही.

खटपट्या

डेटा एकदाच "ॲप_साचा" नावाच्या डेटाबेसमध्ये भरा आणि पुढे क्रिएट डेटाबेस ॲप_२ टेम्प्लेट ॲप_साचा. पोस्टग्रेस साच्याची थेट नक्कल करतं, त्यामुळे पुन्हा भरण्यापेक्षा बरंच लवकर होतं. अट एकच, त्या क्षणी साच्याला दुसरं कुणी जोडलेलं नको. पीजीॲडमिन उघडा असेल तर तोही बंद करा.

फोल्डर उडवलं तरी .गिटच्या आत वर्कट्रीची नोंद राहते, त्यामुळे ब्रँच अजून तिथेच चेकआउट आहे असं गिट समजतं. आत्ता गिट वर्कट्री प्रून चालवा. पुढच्या वेळी गिट वर्कट्री रिमूव्ह. कमिट न केलेलं काही असेल तर ती अडते, आणि तेव्हा --फोर्स द्यायच्या आधी आत काय आहे ते बघा.