मदत हवी आहे : शेतीच्या इंधनातून मासेमारी वेगळी कशी काढू?

न्यू कॅलेडोनिया आणि फ्रेंच पॉलिनेशिया या प्रशांत महासागरातल्या दोन फ्रेंच प्रदेशांमधल्या शेतीच्या इंधनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची तुलना करतोय. लोकसंख्या दोन्हीकडे पावणेतीन लाखांच्या आसपास, बाकी काही जुळत नाही. एकीकडे मोठं बेट, गुरांची कुरणं, ट्रॅक्टर. दुसरीकडे शंभरावर विखुरलेली बेटं, खोबरं आणि ट्यूना मासा.

घोडं अडलंय मासेमारीपाशी. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) वर्गवारीत शेती, वनं आणि मासेमारी यांचं इंधन एकाच गटात येतं. उपगट आहेत, पण माझ्या हाती आलेल्या तक्त्यात नुसती बेरीज आहे. डिझेलला टेराज्यूलमागे (टेराज्यूल हे ऊर्जेचं एकक) ७४.१ टन कार्बन डायऑक्साइड धरून आकडे काढले, तर पॉलिनेशियाची 'शेती' भलतीच फुगलेली दिसते. तो धूर बहुधा ट्यूनाच्या बोटींचा! हेक्टरी हिशेबही करून पाहिला. कुरणं धरली की न्यू कॅलेडोनियाचा आकडा एकदम खाली येतो, म्हणून तो सोडला.

कोप्रा (सुकं खोबरं) ताहिती या पॉलिनेशियाच्या मुख्य बेटावर नेणाऱ्या बोटी जलवाहतुकीत मोडतात, त्या धरलेल्या नाहीत. खत आणि गुरांचा मिथेनही नको, फक्त इंधन. फ्रेंच कामापुरतं वाचता येतं. विकतचा डेटा परवडणार नाही.

बोटींची संख्या आणि समुद्रातले दिवस यांवरून मासेमारीचं डिझेल अंदाजाने वजा केलं तर चालेल का, की दोन्हीकडे मासेमारीसकटच तुलना करावी?